महाकाम नदीकाठचे गाव आणि जमिनीतील गुंतवणूक : एक विवेचन

प्रस्तावना

इंडोनेशियाच्या पूर्व कालिमांतान प्रांतात, महाकाम नदीच्या काठी, मुआरा कामान नावाचे ठिकाण आहे. तेथे सापडलेले सात यूपस्तंभ भारतीय विद्यांच्या अभ्यासकांना परिचित आहेत. इसवी सन ४०० च्या सुमारास मूलवर्मा नावाच्या राजाने केलेल्या दानांचे वर्णन त्यांवर संस्कृत भाषेत व पल्लव वळणाच्या लिपीत कोरलेले आहे. इंडोनेशियात आजवर उपलब्ध झालेल्या सर्वांत जुन्या लेखांत त्यांची गणना होते. या लेखांत गाईंच्या दानाचा उल्लेख आहे. एका स्तंभावर भूमिदानाचाही उल्लेख आहे. भूमी कोणी दिली हे लेख सांगतो. त्या भूमीवर त्यापूर्वी कोण राहत होते, कोण पेरीत होते, हे मात्र तो सांगत नाही.

सुमारे सोळाशे वर्षांनंतर त्याच नदीकाठी जमिनीच्या देण्याघेण्याविषयी जे कागद तयार होतात, त्यांतही ही उणीव बहुतांशी कायम आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. दुर्गम नदीकाठच्या गावातील जीवन कसे चालते, तेथील माणसे जमिनीत काय गुंतवितात आणि बाहेरून येणारी गुंतवणूक कोणत्या कायदेशीर वाटेने तेथे पोहोचते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. गुंतवणूक हा शब्द अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एकाच अर्थाने येतो. महाकामच्या काठी त्याचे दोन अर्थ आहेत आणि ते परस्परांना ओळखत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नदी हाच रस्ता

महाकाम ही नऊशे किलोमीटरांहून अधिक लांबीची नदी होय. बोर्निओ बेटाच्या मध्यवर्ती डोंगराळ भागात उगम पावून ती सामारिंदा या प्रांतीय राजधानीवरून वाहत पुढे त्रिभुज प्रदेशात मकासर सामुद्रधुनीस मिळते. सामारिंदाहून निघणारी दुमजली लाकडी प्रवासी नौका तेंगारोंग, कोता बांगुन, मुआरा मुंताई अशी ठिकाणे घेत मेलाकपर्यंत जाते. पाणी पुरेसे असेल तर ती आणखी वर लाँग इराम आणि लाँग बागुनपर्यंत पोहोचते. हा सारा प्रवास पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतराचा आहे. लाँग बागुनच्या वर नदीच्या पात्रात खडकाळ द्रुतप्रवाह आहेत. तेथून पुढे शक्तिशाली इंजिनांच्या लांब होड्यांखेरीज गत्यंतर नसते.

गावांची नावेच भूगोल सांगतात. वरच्या पात्रातील कायान व केन्याह भाषांमध्ये ‘लाँग’ म्हणजे दोन प्रवाहांचा संगम. खालच्या भागात प्रचलित असलेल्या मलय बोलीत ‘मुआरा’ म्हणजे उपनदीचे मुख. ज्या उपनदीच्या मुखाशी गाव वसले, त्या उपनदीचे खोरे सामान्यतः त्या गावाचे मानले जाते. सीमा दाखविण्यासाठी दगड रोवण्याची गरज पूर्वी फारशी भासत नसे. पाणी कोणत्या बाजूने उतरते, यावरून हद्द ठरे.

नदीचा काठ दिवसभर जागा असतो. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांच्या तराफ्यावर स्नान, धुणी-भांडी, मासळी साफ करणे ही सर्व कामे चालतात. लहान इंजिन बसविलेली ‘केतिंतिंग’ नावाची अरुंद होडी हे घरोघरचे वाहन होय. नदी रस्ता असल्यामुळे पाण्याची पातळी हा बाजारभावाचा एक घटक ठरतो. कोरड्या महिन्यांत पात्र आटले की नौका वर येत नाहीत आणि तांदूळ, इंधन, साखर यांचे दर वरच्या गावांत चढत जातात. उलटपक्षी मे २०२४ मध्ये महाकाम उलू जिल्ह्यात आलेल्या मोठ्या पुराने उजोह बिलांग व लाँग बागुन परिसरातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. हा जिल्हा डिसेंबर २०१२ मध्ये पश्चिम कुताई जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. जिल्ह्याचे कार्यालय जवळ यावे, ही त्यामागील एक प्रमुख अपेक्षा होती. कार्यालय जवळ आले म्हणजे सोय होते, आणि परवाने देणारा अधिकारीही जवळ येतो.

श्रम, झाड आणि हक्क

या नदीकाठी बहाऊ, कायान, केन्याह, बेनुआक, तुंजुंग, आओहेंग इत्यादी दायाक समाज राहतात. खालच्या व मधल्या पात्रात कुताई, बंजार व बुगिस लोकांची वस्ती आहे. दायाक समाजांचे परंपरागत निवासस्थान म्हणजे खांबांवर उभारलेले लांबच लांब सामाईक घर होय. पूर्व कालिमांतानात त्यास ‘लामिन’ म्हणतात. आज बहुतेक कुटुंबे स्वतंत्र घरांत राहतात आणि लामिन हे सभा, विधी व पाहुण्यांसाठी राखलेले दिसते. परंतु जमिनीविषयीचे नियम, ज्यांना तेथे ‘आदत’ म्हणतात, ते लामिनबरोबर संपलेले नाहीत.

शेतीची पद्धत फिरती आहे. कोरड्या ऋतूत झाडोरा तोडावयाचा, तो वाळला की जाळावयाचा, पावसाच्या आरंभी टोकदार काठीने भोके पाडून भात टोकावयाचे आणि पुढील वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत कापणी करावयाची, असा क्रम असतो. टोकणीच्या दिवशी पुरुष पुढे भोके पाडत जातात, स्त्रिया मागून बियाणे टाकतात, आणि आज एकाच्या शेतावर तर उद्या दुसऱ्याच्या, अशी श्रमांची फेड चालते. एकदोन हंगामांनंतर तो तुकडा पडीक ठेवला जातो व काही वर्षांनी पुन्हा हाती घेतला जातो.

पडीक या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सारा घोटाळा येथून सुरू होतो. बाहेरच्या माणसास जे रान ओसाड दिसते, ते गावाच्या दृष्टीने कोणाचे तरी असते. मूळ अरण्य ज्याने प्रथम तोडले, त्याच्या घराण्याचा त्या तुकड्यावर अग्रहक्क असतो, हे तत्त्व बहुतेक दायाक समाजांत आढळते. गटागटांनुसार त्यात भेद आहेत. कोठे हा हक्क वारशाने पिढ्यान् पिढ्या चालतो, तर कोठे घराणे गाव सोडून गेले की तो गावाकडे परततो. दुसऱ्या कुटुंबाला तो तुकडा पेरावयाचा असेल तर विचारावे लागते. विचारले असता सहसा नकार मिळत नाही. मात्र त्या जमिनीत झाड लावावयाचे असेल, तर प्रश्न वेगळा होतो. भात एका वर्षात संपते, झाड राहते. झाड लावणे म्हणजे हक्क लावणे होय.

बेनुआक लोकांची वेताची बाग याचे उत्तम उदाहरण आहे. भाताच्या शेतात वेताची रोपे लावली जातात. भात कापून झाले, शेत सोडले, की आपोआप उगवणाऱ्या झाडांवर वेत चढत जातो. सात ते दहा वर्षांनी पहिली तोड मिळते आणि त्यानंतर वर्षानुवर्षे मिळत राहते. वेताचा भाव पडला तर तो तोडावयाचा नाही. तो रानात उभा राहतो व वाढत राहतो. मुलाचे शिक्षण, आजारपण, विवाह किंवा मृतांसाठीचे विधी असे प्रसंग आले की तेवढाच तोडावयाचा. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही व्याज देणारी, केव्हाही अंशतः मोडता येणारी ठेव आहे. मात्र तिला पासबुक नाही. रबराच्या बागांचेही बव्हंशी असेच आहे. भाव बरा असेल तेव्हा चीक काढावयाचा, नसेल तेव्हा झाड तसेच ठेवावयाचे.

याहून जुनी ठेव म्हणजे ‘सिंपुकंग’ नावाची फळबाग. जुन्या घरांच्या जागी दुरियान, लांगसात, रांबुतान, रानआंब्याच्या जाती, बांबू व वेत यांची दाट राई तयार होते. तिच्यावर लावणाऱ्याच्या सर्व वंशजांचा, मुलगे व मुली दोघांच्याही शाखांचा, सामाईक अधिकार असतो. फळांच्या हंगामात सामारिंदास राहणारा नातूही आपला वाटा सांगतो. अरण्यातून जाताना एकाच ठिकाणी चारपाच जुनी दुरियानची झाडे दिसली, तर तेथे कधीकाळी वस्ती होती असे निःशंकपणे समजावे. जमिनीच्या तंट्यात आदत-प्रमुखापुढे अशी झाडे व पूर्वजांची थडगी हाच पुरावा मानला जातो. आपल्याकडील सातबाराचे काम तेथे झाड करते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

कायद्याची जमीन

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. डच राजवटीत १८७० साली असे जाहीर करण्यात आले की, ज्या जमिनीवर कोणास मालकी सिद्ध करता येत नाही ती शासनाची होय. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या मूलभूत कृषिभूमी कायद्याने हे तत्त्व रद्द केले आणि आदत हाच नव्या भूमिकायद्याचा पाया आहे असे म्हटले. परंतु त्याच कायद्याने राष्ट्रीय हितास बाधा येणार नाही अशी मर्यादाही घातली. १९४५ च्या राज्यघटनेतील ३३ व्या कलमानुसार भूमी, जल व नैसर्गिक संपत्ती शासनाच्या नियंत्रणाखाली असून तिचा उपयोग जनतेच्या जास्तीत जास्त समृद्धीसाठी व्हावयाचा आहे. नियंत्रण आणि मालकी यांतील अंतर घटनाकारांनी राखले होते. व्यवहारात ते पुसट होत गेले.

१९६७ साली वनकायदा आणि परकीय गुंतवणूक कायदा एकाच वर्षी आले, हा योगायोग मानता येत नाही. देशाच्या भूभागाचा सुमारे दोनतृतीयांश भाग पुढे ‘वनक्षेत्र’ म्हणून नोंदला गेला आणि त्यातील अनेक गावे नकाशावर जंगलात पडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस महाकामच्या उपनद्यांवर गावातील माणसे हातकुऱ्हाडींनी झाडे तोडून पुराच्या पाण्यावर ओंडके सोडीत असत. ही पुराची तोड थोडी वर्षे टिकली. त्यानंतर यंत्रे, रस्ते व लाखो हेक्टरांचे वनपट्टे घेऊन कंपन्या आल्या. १९८२-८३ आणि १९९७-९८ या दुष्काळी वर्षांत या प्रांतात ज्या भीषण आगी लागल्या, त्यांत तोड झालेले जंगल विशेषत्वाने जळाले. असंख्य वेतबागा व फळबागाही त्यांत गेल्या. त्यांची मोजदाद मूळ नोंदच नसल्यामुळे झाली नाही.

१९९८ मध्ये सुहार्तो यांची राजवट संपली व १९९९ च्या कायद्याने जिल्ह्यांना मोठे अधिकार मिळाले. जिल्हाप्रमुख, ज्यांना तेथे ‘बुपाती’ म्हणतात, ते शंभर हेक्टरांचे लहान तोडपरवाने देऊ लागले. गावांना प्रथमच प्रत्येक घनमीटरमागे रोख रक्कम मिळू लागली. हा काळ अल्प होता, पण त्याने एक गोष्ट शिकविली. जमिनीवर दावा सांगणाऱ्यास पैसे मिळतात आणि दाव्यासाठी कागद लागतो. मग शेजारच्या गावांमध्ये हद्दीचे तंटे वाढले. पाणलोटावरून ठरणारी हद्द आता परवान्याच्या नकाशावरून ठरू लागली.

देणे की सोडून देणे

तेलताडाच्या मळ्यासाठी कंपनीला जो हक्क लागतो त्यास इंडोनेशियन भाषेत ‘हाक गुना उसाहा’ म्हणतात. मराठी वाचकास हे तिन्ही शब्द ओळखीचे वाटावेत. हाक म्हणजे अरबीतून आलेला हक्क, गुना म्हणजे संस्कृत गुण, जो तेथे उपयोग या अर्थी रूढ झाला, आणि उसाहा म्हणजे उत्साह, जो तेथे उद्योगधंदा या अर्थी वापरतात. शब्द इतके आपले असूनही त्यांतील व्यवस्था ध्यानी येण्यास वेळ लागतो. हा हक्क केवळ शासनाच्या थेट नियंत्रणाखालील जमिनीवरच देता येतो, असे १९६० चा कायदा सांगतो. खाजगी किंवा आदत-जमिनीवर तो देता येत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. गावाची जमीन कंपनीस हवी असेल, तर गावाने ती प्रथम शासनाच्या नावे ‘सोडून द्यावी’ लागते. मग शासन ती कंपनीस ठरावीक मुदतीने देते. मुदत संपली की जमीन ज्याच्याकडून मिळाली त्याच्याकडे, म्हणजे शासनाकडे, परत जाते. गाव या साखळीतून पहिल्याच पायरीस बाहेर पडलेले असते.

गावातील सभेत हे असे सांगितले जाते काय? या सभेस ‘सोसियालिसासी’ म्हणतात. समाजशास्त्राच्या प्राध्यापकास या शब्दाची ही दशा पाहून खेद वाटावा, कारण येथे त्याचा अर्थ ठरलेली गोष्ट लोकांस कळविणे एवढाच उरला आहे. सभेस ‘पेतिंगी’ म्हणजे गावप्रमुख, आदत-प्रमुख, तालुक्याचा अधिकारी व कंपनीचे लोक असतात. रस्ता, नोकऱ्या, शाळा यांची आश्वासने दिली जातात. नंतर जी रक्कम वाटली जाते तिला पुष्कळदा ‘ताली आसिह’ म्हणतात. शब्दशः पाहता हा स्नेहाचा धागा होय. किंमत म्हणावे तर विक्री झाली असे होईल, भाडे म्हणावे तर परत करण्याची जबाबदारी येईल. स्नेहाचा धागा म्हटल्याने दोन्ही टळते. रक्कम घेणारा मात्र आपल्या परंपरेतील नियम लावतो. परक्याला जमीन पेरावयास देताना मिळालेली भेट म्हणजे जमिनीचे मोल नव्हे, पेरून झाले की जमीन परत येते, हा तो नियम. म्हणून एकाच कागदावर दोन पक्ष दोन वेगळे व्यवहार करून उठतात. एकाने जमीन वापरावयास दिली, दुसऱ्याने ती कायमची मिळविली.

येथे कोणी फसविले आणि कोण फसले एवढ्याच प्रश्नात अडकू नये, असे वाटते. फसवणुकीची प्रकरणे आहेतच. पण प्रामाणिक कंपनी, दक्ष अधिकारी व समजूतदार गाव असे तिघे एकत्र आले तरीही जमीन परत येण्याची तरतूद या साच्यात नाही, हा मुद्दा अधिक मूलगामी आहे.

भरपाईची मोजणीही लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक ठिकाणी ती जमिनीची होत नाही, उभ्या झाडांची होते. दुरियानचे एक झाड एवढे, रबराचे एवढे, वेताचे झुबके एवढे, अशी यादी करून एकदाच रक्कम दिली जाते. साठ वर्षे फळे देणाऱ्या आणि अनेक वंशजांचा वाटा असणाऱ्या झाडाचे मोल त्या दिवशी हजर असलेल्या एका व्यक्तीस मिळते. ती व्यक्ती बहुधा कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेला पुरुष असते. आदतीप्रमाणे मुलींनाही समान वारसा असणाऱ्या समाजात कागदाने घडविलेला हा बदल साधा नव्हे. भाताचे बियाणे राखणारी आणि वेताच्या चटया, टोपल्या विणून रोख पैसा मिळविणारी स्त्री यादीत कोठेच दिसत नाही.

गावकऱ्यांच्या हाती असलेला कागद म्हणजे गावप्रमुखाने दिलेला भूमिविषयक दाखला. त्यावर शेजाऱ्यांच्या सह्या असतात. तो मालकीचे प्रमाणपत्र नाही. गंमत अशी की पुष्कळ ठिकाणी हा दाखला जमीन राखण्यासाठी नव्हे, तर ती सोडण्यासाठी प्रथमच तयार केला जातो.

तेलताड आणि वेळेचे गणित

तेलताडाचा विरोध करताना एक बाजू विसरता कामा नये. गावातील अनेकांना तो हवा असतो. वेताचा भाव घसरला, त्याला शासनाचे निर्णयही कारणीभूत आहेत. कच्च्या वेताच्या निर्यातीवर २०१२ च्या आरंभापासून बंदी आली, आणि देशातील कारखानदारीस उत्तेजन देण्याच्या हेतूने घातलेल्या या बंदीचा भार रानात वेत तोडणाऱ्यावर पडला. शेत जाळण्यावर २०१५ च्या महाभयंकर धुरानंतर कडक कारवाई सुरू झाली. २००९ च्या पर्यावरण कायद्यात प्रत्येक कुटुंबास दोन हेक्टरांपर्यंत परंपरागत पद्धतीने जाळण्याची सवलत होती. तरीही पोलिसांच्या धाकाने अनेकांनी हात आवरला. भात नाही, वेताला भाव नाही, मुलाला मेलाक किंवा सामारिंदास शिकवावयाचे आहे, अशा स्थितीत दरमहा पैसा देणारे पीक कोणास नको असेल?

परंतु त्या पिकाचे गणित वेगळे आहे. तेलताड तीनचार वर्षांत फळतो व सुमारे पंचवीस वर्षे किफायतशीर राहतो. घड तोडल्यापासून साधारण एका दिवसात कारखान्यात पोहोचले नाहीत, तर तेलाची प्रत उतरते. म्हणजे नदी येथे निरुपयोगी ठरते. रस्ता व कारखाना दोन्ही जवळ हवेत. वेत वाट पाहतो, रबर वाट पाहते, तेलताड वाट पाहत नाही. ज्याच्या हाती रस्ता आणि कारखाना, त्याच्या हाती भाव, हे ओघानेच येते.

कंपनीने काही क्षेत्र गावकऱ्यांसाठी विकसित करावे, अशी योजना १९८० च्या दशकापासून आहे. मळ्याचा गाभा कंपनीचा आणि भोवतालचे लहान भाग शेतकऱ्यांचे, अशी ती कल्पना. गाभ्यास ‘इंती’ आणि शेतकऱ्यांच्या भागास ‘प्लास्मा’ म्हणतात. २००७ च्या नियमानुसार हा भाग किमान २० टक्के असावयास हवा. लागवडीचा खर्च कर्ज म्हणून सभासदांच्या नावे पडतो व उत्पन्नातून वळता होतो. शेतकऱ्याचा तुकडा कोणता, हे अनेकदा फक्त सहकारी संस्थेच्या यादीत असते, जमिनीवर दाखविता येत नाही. ज्याने शंभर टक्के दिले त्यास वीस टक्के, तेही कर्जासह, परत मिळतात, हे गणित साधे आहे.

या साऱ्याशी महाराष्ट्राचा संबंध नाही असे कोणास वाटेल. भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार असून त्यातील मोठा वाटा इंडोनेशियातून येतो. उपाहारगृहांतील कढया व बिस्किटांचे कारखाने त्यावर चालतात. महाकामवरून दिवसरात्र कोळशाचे बार्ज खाली जातात, त्या कोळशाच्या ग्राहकांतही भारत आघाडीवर आहे. मुंबईस्थित टाटा पॉवरने २००७ साली पूर्व कालिमांतानातील कालतिम प्रिमा कोल आणि दक्षिण कालिमांतानात खाणी असलेली अरुतमिन या दोन कंपन्यांत प्रत्येकी ३० टक्के भाग घेतले. मुंद्रा येथील वीजप्रकल्पासाठी कोळशाची तजवीज हा त्यामागील हेतू होता आणि त्या विजेच्या खरेदीदार राज्यांत महाराष्ट्रही होता. आपल्या विजेचा व तेलाचा माग काढीत गेल्यास तो अशा नदीकाठी पोहोचतो.

परकीय व्यक्तीची खरेदी

दूरच्या नदीकाठी स्वस्तात जमीन घेऊन ठेवावी, अशी कल्पना परदेशी पर्यटकांच्या मनात येते. त्याविषयी थोडक्यात सांगता येईल. संपूर्ण मालकीचा हक्क, ‘हाक मिलिक’, केवळ इंडोनेशियन नागरिकास मिळतो. स्थानिक मित्राच्या किंवा पत्नीच्या नावे घेऊन आतून करार करण्याची वाट अनेक जण धरतात. १९६० च्या कायद्याच्या २६ व्या कलमानुसार असा व्यवहार निरर्थक ठरून जमीन शासनाकडे जाते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. दाखल्याच्या जमिनीत तर विकणाऱ्याचे चुलतभाऊ, बहिणी व सामारिंदातील नातू यांचा वाटा आधीच उभा असतो. येथे आदत व कायदा यांचे क्वचितच आढळणारे एकमत दिसते.

नकाशाची लढाई

१९९९ साली स्थापन झालेल्या आदत-समाजांच्या राष्ट्रीय संघटनेने, जी ‘आमान’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते, वनकायद्यास आव्हान दिले. त्यावर घटनात्मक न्यायालयाने मे २०१३ मध्ये निर्णय दिला की आदत-वने ही शासकीय वने नव्हेत. हा निर्णय ऐतिहासिक होता यात शंका नाही. मात्र त्याचा लाभ मिळण्यासाठी त्या समाजास प्रथम स्थानिक शासनाची मान्यता मिळावी लागते, क्षेत्राचा नकाशा सादर करावा लागतो व तपासणी पार पाडावी लागते. आदत-वनांची पहिली मान्यतापत्रे डिसेंबर २०१६ मध्ये दिली गेली. पश्चिम कुताई जिल्ह्यातील हेमाक बेनिउंग हे मान्यता मिळालेले आदत-वन पन्नास हेक्टरांहूनही लहान आहे. त्याच जिल्ह्यात एकेका मळ्याचा परवाना हजारो हेक्टरांचा असतो.

जेंपांग सरोवराच्या परिसरातील मुआरा ताए या बेनुआक गावाने कोळसा व तेलताड या दोहोंच्या मधे सापडूनही उरलेले वन राखण्यासाठी दीर्घ लढा दिला. शेजारच्या गावाने आपली म्हणून दिलेली जमीन मुआरा ताएच्या मते त्यांची होती, हा त्या तंट्याचा गाभा होता. गावाने पहारे बसविले व उजाड झालेल्या जागी पुन्हा झाडे लावली. २०१५ साली त्यास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्काराने हद्दीचा प्रश्न सुटत नाही, पण गावाचे नाव नकाशावर येते, हेही खरे.

२०१९ मध्ये नव्या राजधानीसाठी याच प्रांताची निवड जाहीर झाल्यापासून जमिनीची मागणी आणखी वाढली आहे. नुसांतारा हे शहर महाकामच्या दक्षिणेस, समुद्रालगतच्या भागात उभे राहत आहे. तेथील सेपाकू परिसरातील बालिक समाजास आपल्या जुन्या वस्त्यांचे कागद दाखविणे कठीण गेले, हे वर वर्णिलेल्या परिस्थितीस धरूनच आहे.

मुदत संपताना

१९९० च्या दशकात दिलेल्या मळ्यांच्या हक्कांची पहिली मुदत आता संपत आली आहे, काहींची संपलीही आहे. २०२१ च्या शासकीय नियमानुसार पहिली मुदत ३५ वर्षांपर्यंत, वाढ २५ वर्षांपर्यंत आणि नूतनीकरण पुन्हा ३५ वर्षांपर्यंत मिळू शकते. यांची बेरीज ९५ वर्षे होते. त्यानंतर जमीन शासनाच्या थेट नियंत्रणाखाली परत येते आणि तिची नव्याने वाटणी करताना पूर्वीच्या हक्कधारकास अग्रक्रम देता येतो. पूर्वीचा हक्कधारक म्हणजे कंपनी. तिच्याही पूर्वी तेथे असलेल्या गावाचे नाव त्या नोंदीत नाही.

ज्या तरुणांच्या वडिलांनी स्नेहाचा धागा स्वीकारून सही केली होती, ते आज पन्नाशीकडे झुकले आहेत. जमीन परत कधी येणार, असे ते पेतिंगीस विचारतात. पेतिंगीजवळ सभेच्या हजेरीचा कागद असतो आणि झाडांची यादी असते. त्या यादीत दुरियानच्या ज्या झाडांचे पैसे चुकते झाले, ती झाडे तोडलेली आहेत. आदतीप्रमाणे जमिनीवरचा हक्क सिद्ध करण्यासाठी नेमकी तीच झाडे दाखवावी लागतात.